चाळीस तक्रारदार

चाळीस माणसं एका बाईच्या पाटीवर तुटून पडली आणि ती चाळीसही मी तयार केली होती.

नवीन पनवेलच्या एका शाळेत मी दर शनिवारी नववीच्या पोरांना लिहायला शिकवायचो. मी स्वतः दहावी नापास. पण दोन पुस्तकं छापून आली होती, तेवढ्यावर त्यांनी बोलावलं. माझा धडा एकच: दुसऱ्याच्या डोक्यात शिरा, तिथून लिहा.

एकदा मुख्याध्यापिका मनिषा मॅडमनी विषय सुचवला. "गेटवर ती कृष्णाबाई बोरं-आवळ्यांची पाटी घेऊन बसते ना, तिच्यावर तक्रारअर्ज लिहून घ्या. प्रत्येकाने वेगळा माणूस व्हायचं. परीक्षेलाही येतो."

मला वाटलं, बाईंना डोकं आहे. डोकं होतंच. मलाच नव्हतं.

पोरं खुलली. मितेश ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर झाला. हृतिक सात महिन्यांची गरोदर बाई झाला, तेव्हा वर्ग हसून लोळला. निशा झाली विनायकराव, वय त्र्याहत्तर, कृष्णाबाईच्या पाटीला अडखळून पडलेले. 'पडल्यावर आधी चष्मा चाचपला, मग गुडघा पाहिला,' असं तिने लिहिलं. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणालो, "याला म्हणतात माणूस उभा करणं."

महिन्याभराने निशा रडवेली होऊन माझ्या दारात. ती कृष्णाबाईच्याच गावातली, दोन घरं पलीकडची. कृष्णाबाईला महापालिकेची नोटीस आली होती: सुनावणीला या, नाहीतर जागा सोडा. सोबत चाळीस तक्रारींच्या प्रती. म्हातारीला वाचता येत नाही, म्हणून ती कागद घेऊन निशाकडेच गेली.

"सर, मी तिला माझंच वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, बिचारा म्हातारा, कवा पडला गं? मला कललं असतं तं पानी दिलं असतं."

शाळेने पोरांचे अर्ज टाइप करून, खाली खोट्या सह्या ठोकून, जसेच्या तसे पाठवले होते. मी मॅडमच्या केबिनमध्ये घुसलो.

"ट्रॅफिकचा प्रॉब्लेम खरा आहे ना, सर?"

"म्हातारा खोटा आहे!"

"तुम्हीच म्हणालात ना, माणूस उभा केलाय?" त्या हसल्या.

सुनावणीला मी पोरांना घेऊन गेलो. चाळीसांतली अकरा आली. बाकीच्यांच्या आईबापांनी 'उगाच नाव खराब होईल' म्हणून घरी डांबली. खोटं लिहिताना नाव खराब झालं नव्हतं, खरं बोलताना होणार होतं!

महापालिकेच्या साहेबांनी पहिला अर्ज उचलला. "सात महिन्यांच्या गर्भवती महिला कोण?"

हृतिकने हात वर केला. ओठावर नुकती मिसरूड फुटलेली. कारकून म्हणाला, "ताई, जपून बसा हं." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढचा अर्ज घेतला. "विनायकराव, वय त्र्याहत्तर?"

"चौदा," निशा उभी राहिली. "मी पडले नाही, साहेब. मी बनवलं. आजी भिंतीला चिकटून बसते, वाटेत बसत नाही."

अकराही पोरं एकेक करून उठली. साहेबांनी गठ्ठा बाजूला सारला, नोटीस मागे घेतली आणि शाळेकडून खुलासा मागवला. मॅडमचा फोन तिथेच आला: शनिवारपासून येऊ नका.

बाहेर आलो. खरं सांगतो, मी कृष्णाबाईच्या आभारांची वाट बघत होतो. तिने पदर खोचला.

"मास्तर, चालीस जनांनी लिवलं. त्यांत किसनाबाय कोन झाला व्हता?"

कोणीच झालं नव्हतं. एका पोराने तर गेटवरचा कुत्रा घेतला होता. तक्रार करणारा कुत्रा! पण जिच्यावर लिहायचं, तिच्या डोक्यात एकही पोर शिरलं नाही. आणि जन्मभर 'दुसऱ्याच्या डोक्यात शिरा' म्हणून ओरडणाऱ्या मास्तराला ते दिसलंसुद्धा नाही. थू माझ्या शिकवण्यावर.

"एकानं लिवलंय, कुठून तरी येऊन बसलीय," ती म्हणाली. "आरं, ती शाला उभी हाय तिथं माझ्या सासऱ्याचं भातशेत व्हतं. सरकारनं घेतलं. गेट हाय तिथं आमचा बांध व्हता. मी आमच्याच बांधावर बसतंय."

निशाने घाईघाईने वही काढली. "सांग आजी, मी लिहिते."

कृष्णाबाईने वही तिच्या हातातल्या हातातच मिटवली. "आता लगेच नाय. आदी बस माझ्यासंगती, उन्हात. मंग लिव."

शनिवारी, माझ्या तासाच्या वेळेला, पाय सवयीने तिकडेच गेले. भिंतीला चिकटून दोघी बसल्या होत्या. निशा बोरं मापत होती, वही कुठे दिसत नव्हती. कृष्णाबाईने मला बघून पाटी जराशी सरकवली.

"बसा मास्तर. तुमाला पन शिकायचं हाय."