गिटार समोरून

नवी गिटार घरात आली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो ती ठेवायची कुठे हा. जुनी गिटार दाराआड मावायची, ही कुठेच मावेना. पेटी उघडली तशा वन्सं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही गिटार आहे की दिवाण? चला, पाहुण्यांची सोय झाली."

'ड्रेडनॉट' म्हणतात या बांध्याला. एका लढाऊ जहाजावरून ते नाव पडलंय, असं दुकानदारानं सांगितलं होतं. कंबर जवळजवळ नाहीच, खांदे चौकोनी, पोट खोल. सूनबाईनं ती मांडीवर घेतली तर उजवा हात पार खांद्यातून उचलावा लागला. पण ताज्या लाकडाचा वास आला आणि तिचं मन भरून आलं. गिटार काही हौसेसाठी घेतलेली नव्हती, ती सासऱ्यांच्या साथीसाठी होती.

सासरे दर आठवड्याला प्रार्थनेच्या सभागृहात गोष्टी गाऊन सांगत. एखादी साधी गोष्ट घ्यायची, मध्येच गायचं, पुन्हा बोलायचं, आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत त्याला देवाच्या दारात नेऊन उभं करायचं. असं सांगणं ज्यानं ऐकलंय त्याला मी काय सांगू, आणि ज्यानं नाही ऐकलं त्याला तरी शब्दांत काय सांगू! सासऱ्यांची खुबी त्यांच्या हळू बोलण्यात होती. गोष्ट ऐन भरात आली की त्यांचा आवाज इतका खाली यायचा की सगळी माणसं खुर्चीतून पुढे वाकायची. त्यांच्या आवडत्या गोष्टीतली आई हरवलेल्या लेकराला गावभर हाका मारत फिरते, दमून घरी येते, आणि खाटेखालून बारीक आवाज येतो, "मी इथेच आहे." तेवढ्या तीन शब्दांसाठी लोक यायचे.

जुन्या गिटारीची मान वाकली होती आणि ती सुरात राहीना, म्हणून ही आणली. आता हिची पारख सुरू झाली. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर तिच्या तोंडात एकच वाक्य, "हे स्पष्ट, की हे?" घरी येऊन तेच. पातळ तारा लावून बघ, जाड लावून बघ, नखानं वाजव, तारा छेडायच्या प्लास्टिकच्या पिकनं वाजव. "हे बरं, की हे?" नवरा लिफ्टा दुरुस्त करून दमलेला असायचा. तो कोचावरून म्हणायचा, "दोन्ही बरं. चांगली दणदणीत आहे की!"

तिला वाटायचं, बिचारा समजूत काढतोय. कारण तिला स्वतःला ती गिटार दणदणीत वाटतच नव्हती. आवाज गोड होता, पण कोंडलेला, शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवत असल्यासारखा. तिनं दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "लाकूड नवं आहे हो. वाजवत राहा, उघडेल." मग ती जाड पिक घेऊन जोर लावून वाजवायला लागली. वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कपाटातली भांडी बोलायला लागली गं!" पण वन्सं कौतुकही टोमण्याच्या सुरात करायच्या. त्यामुळे टोमणा कुठला आणि खरं काय, हे निवडत बसणं सूनबाईनं कधीच सोडून दिलं होतं.

सभागृहात सासरे पुढे बसायचे आणि ती त्यांच्या पाठीमागे जरा बाजूला, स्टुलावर. नव्या गिटारीचं तिथे कौतुक झालं. "सूनबाई, काय वाजवलंत!" असं म्हणत लोक जवळ येऊ लागले. पूर्वी कोणी येत नसे. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून तिनं आणखी जोर लावला. पहिल्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसायच्या, त्यांना सगळे बाई म्हणायचे. एकदा निघताना त्या तिच्या कानाशी म्हणाल्या, "आज तुमच्या सासऱ्यांचं काही नीट कळलं नाही हो. वय झालं, नाही?"

सूनबाईला वाईट वाटलं, अगदी मनापासून. घरी आल्यावर तिनं सासऱ्यांसमोर पाण्याचा पेला ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुमचा आवाज हल्ली पोचत नाही. लोक बोलतात."

"असं?" ते म्हणाले. पाणी प्यायले. "तू सांगितलंस ते बरं केलंस. बाहेरचा कोण सांगणार? हे घरच्या माणसानंच सांगावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून ते मिठाच्या पाण्यानं गुळण्या करू लागले. पुढच्या सभेत मोठ्यानं बोलले, त्याच्या पुढच्या सभेत ओरडले. गळ्याच्या शिरा ताणल्या, वरचा सूर फाटला. हळू बोलणं तर त्यांनी सोडूनच दिलं. खाटेखालचं ते लेकरू आता "मी इथेच आहे!" असं भांडायला आल्यासारखं ओरडायचं. आणि एका सकाळी ते चहा घेता घेता साधेपणानं म्हणाले, "या खेपेला शेवटचं. देवानं गळा दिला होता, आता परत मागतोय. देऊन टाकावा."

सूनबाईचे डोळे भरून आले. शेवटच्या दिवशी आपली साथ तरी भरदार व्हावी, असं तिनं मनाशी ठरवलं.

त्या दिवशी खुर्च्या मांडायला ती आणि वन्सं लवकर गेल्या. सूनबाई सासऱ्यांच्या जागेवर पाण्याचा पेला ठेवायला वाकली होती. मागे वन्सं तिच्या स्टुलावर बसल्या, गिटार मांडीवर ओढली. "फोटो काढ गं माझा! शोभते का मी?" आणि अंगठा सगळ्या तारांवरून ओढला.

सूनबाईच्या पाठीवर कुणी थाप मारावी तसा तो आवाज आदळला. कानांत, मानेत, छातीत घुमला. "जपून!" असं ती ओरडली, आणि तिला तिचाच शब्द ऐकू आला नाही.

"एवढ्या जोरानं का वाजवलंत?"

"जोरानं कुठे? नुसतं बोट फिरवलं. आणि इथे मागे तर काही ऐकूच येत नाही. घरी भांडी हलवते ही बया, आणि इथे फुसकी? फसवलं तुला दुकानदारानं."

सूनबाई हलली नाही. "वन्सं, पुन्हा वाजवा. हळू." वन्संनी वाजवलं. सूनबाई सासऱ्यांच्या खुर्चीवर बसून त्यांच्यासारखं बोलून पाहू लागली, मी इथेच आहे, मी इथेच आहे. ओठ हलत होते एवढंच. ही गिटार पुढे बोलत होती. जी वाजवते तिला कमी, जो समोर आहे त्याला सगळं. आणि समोर, हातभर अंतरावर, त्या म्हाताऱ्या माणसाची पाठ असायची.

"काय झालं गं? रंग का उडाला?"

"काही नाही," ती म्हणाली. तेवढ्यात लोक यायला लागले.

तिनं मनातल्या मनात पटकन एक सोय लावून टाकली. माणसाचं मन अशा वेळी फार हुशार होतं. आज हळू वाजवायचं, बस. आवाज पोचेल, बाबांना बळ येईल, ते पुढेही सांगत राहतील, कुणाला कळायची गरजच नाही. पिक तिनं पर्समध्ये टाकली आणि अंगठ्याच्या मऊ बाजूनं, जेमतेम सुरापुरती वाजवू लागली.

सासऱ्यांनी सवयीनं ओरडून सुरुवात केली आणि दचकले. पाठीमागे शांतता होती. त्यांचा आवाज खाली आला. आणखी खाली आला. आई गावभर फिरली, दमून घरी आली. लोक पुढे वाकले. कितीतरी आठवड्यांनी ते लेकरू खाटेखालून हळूच म्हणालं, "मी इथेच आहे." बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सासरे थांबले. हात जोडले. "पाहिलंत? शेवटच्या दिवशी त्यानं गळा परत दिला. जाताना प्रसाद हातावर ठेवावा तसा. आता मी आनंदानं थांबतो. आणखी मागणं म्हणजे हावरटपणा."

सूनबाईचे कान तापले. तिची चोरी देवाच्या नावावर जमा झाली होती, आणि देव काही बोलत नव्हता. बोलायचं होतं तिला. ती उठली तशी गिटारीचं मोठं पोट स्टुलाला लागून धाडकन वाजलं. सगळे तिच्याकडे वळले.

"बाबा, तुमचा गळा गेलाच नव्हता. मीच दाबला होता. ही गिटार... मला मागे ऐकू येत नव्हती म्हणून मी जोरानं वाजवत होते. तुमचं कुणाला ऐकूच जात नव्हतं. आणि मी तुम्हालाच सांगितलं, की..."

वन्संचं तोंड उघडं होतं, आणि पहिल्यांदाच त्यातून काही येत नव्हतं.

सासरे मान वळवून तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मग इतके दिवस," ते सावकाश म्हणाले, "मी त्या लेकराला ओरडायला लावलं ते?"

"उगाच, बाबा."

"आणि गुळण्या?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. सासरे हसले नाहीत. ते पेल्याकडे बघत होते. आपलंही काही चुकलं का, आपण एका शब्दावर एवढा विश्वास कसा ठेवला, आपल्या गळ्याला एकदा विचारायचं होतं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून जात होतं. तिला ते बघवेना. आपण त्यांचा आवाज दाबला तो दाबलाच, पण त्यांना स्वतःबद्दल शंका घ्यायला शिकवलं, हे तिच्या आता लक्षात आलं.

"अहो, शेवटचं गाणं राहिलंय," बाई म्हणाल्या. "आणि थांबण्याचं काय ते पुढच्या आठवड्यात बोला. आज आम्हाला पूर्ण ऐकू द्या."

सासऱ्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग समोर वळून बसले. "सूर दे, सूनबाई."

ती उभीच होती. गिटारीला हात लावायची तिला लाज वाटत होती.

"अगं, दे. तुझ्या सुराशिवाय कुठून उचलू मी?"

ती बसली. इतक्या माणसांनी तिचा हात तारेवर जाताना याआधी कधी पाहिला नव्हता. तिनं एकच तार छेडली. सासरे थांबले, ऐकलं, आणि मागे न वळता म्हणाले, "आणखी हळू."