बस

"अहो, आज ट्रेनमध्ये जागाच नव्हती. शिकागोपासून नेपरव्हिलपर्यंत उभी आलेय," पद्मजा नवऱ्याला सांगत होती. "आणि शेजारची दीपा शनिवारी वरण-भात आणतेय. म्हटलं, आण बाई, पण या वेळी मीठ घाल."

श्रीराम तिच्याकडे नुसता बघत होता. हॉस्पिटलच्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर स्पीच थेरपिस्ट लिंडा बसली होती. पद्मजा पलंगाशी उभी. तिच्या बुटांवरचा बर्फ वितळून खाली पाणी साचलं होतं.

लिंडाने कपाचं चित्र समोर धरलं. "श्रीराम, व्हॉट इज धिस?"

बराच वेळ गेला. मग ओठ हलले.

"बस."

नोव्हेंबरात गाडी बर्फावरून घसरली, श्रीरामच्या डोक्याला मार बसला. त्यानंतरचा हा त्याचा पहिला शब्द.

"बस? नो, इट्स अ कप." लिंडा पद्मजाकडे वळली. "आवाज फुटला, छानच झालं. पण समजून बोलला, असं डॉक्टरांना कसं सांगू?"

आज तेच ठरायचं होतं. डॉक्टरांनी कंपवाताची गोळी सुरू केली होती. मेंदूला मार लागलेल्यांपैकी काहींना तिने जाग येते, खात्री मात्र नाही, असं ते म्हणाले होते. काही समजतंय असं दिसलं तर गोळी चालू, नाहीतर बंद आणि श्रीरामची रवानगी नर्सिंग होममध्ये. सफरचंदाच्या गरात गोळी कुस्करून पद्मजा रोज भरवायची. तो ओकायचा. ती पुसायची आणि पुन्हा चमचा पुढे करायची.

"तो आमच्या भाषेतला शब्द आहे," ती हळू म्हणाली. "बस म्हणजे इनफ. पुरे. त्याला हे सगळं नको झालंय, लिंडा. डॉक्टरांना सांग, गोळी बंद करा."

"आर यू शुअर?"

पद्मजाने होकारार्थी मान हलवली. तिलाही पुरे झालं होतं. कोट चढवून ती पलंगाजवळ वाकली. "येते हं मी."

श्रीरामचा उजवा हात पांघरुणावर सरकू लागला. थरथरत, अडखळत त्याने पांघरूण थोडं बाजूला ओढलं. मोकळ्या झालेल्या चादरीवर त्याची बोटं एकदा आपटली, मग पुन्हा.

"बस," तो म्हणाला. त्याची नजर तिच्या ओल्या बुटांवर होती.

पद्मजाच्या हातातली पर्स खाली पडली.

"व्हॉट इज इट?" लिंडाने घाबरून विचारलं. "काय म्हणतोय तो?"

"सिट," पद्मजा म्हणाली. "दमलीस, बस, म्हणतोय."

लिंडाने हातातली चित्रांची कार्डं आवरली आणि उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. "डॉक्टरांना मी सांगते," ती म्हणाली.

पण पद्मजाने खुर्ची घेतली नाही. कोटासकट, ओल्या बुटांसकट ती चादरीवरच्या त्या रिकाम्या जागेत बसली.