प्रज्वलनं रंगवलेली पाटी

काळेवाडीतली ती खोली आम्ही आठजणांनी मिळून भाड्यानं घेतली, त्याला बारा वर्षं झाली. बाईवर जीव जडलेल्या आम्ही बाया. कुणी चाकणला कंपनीत, कुणी शिलाई मशीनवर. रविवारी दुपारी दार लावायचं, चहा टाकायचा आणि पोट दुखेस्तोवर हसायचं. काय दिवस होते ते!

एकदा एकीचा भाऊ शिव्या घालत आत घुसला. दुसऱ्याच दिवशी मी नियम केला आणि प्रज्वलनं लाल रंगात पाटी रंगवली: 'पुरुषांना प्रवेश नाही.' तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, बाईचं. ते मी सांगणार नाही, त्याला आवडत नाही.

गेल्या वर्षी त्याला दाढी फुटली, आवाज बदलला. तेव्हापासून रविवारी यायचा, पण जिन्यातच बसायचा.

"ये की आत!" मी ओरडायचे. "पाटी तुझ्यासाठी नाही. तू आपलीच पोरगी."

मला वाटायचं, माझं मन केवढं मोठं! तो जिन्यातच चहा प्यायचा आणि जायचा.

परवाच्या रविवारी त्यानं खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "विजूताई, पोरगी म्हणून मला यायचं नाही. आणि पुरुषाला तर पाटीच आहे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढी वर्षं आमच्यात काढलीस आणि आता तुला लाज वाटते?"

"लाज नाही, ताई. केसरताईच्या वेळी तुम्ही का नाही गेलात आत?"

केसर बावीस वर्षं माझी जोडीदार होती. ती गेली तेव्हा सांगवीत तिचे भाऊ म्हणाले, 'मैत्रीण म्हणून या, दर्शन घ्या.' बायको होते मी तिची! मी आत गेले नाही. दिवसभर त्यांच्या जिन्यात बसून राहिले. शेजारी हाच बसला होता, पाण्याची बाटली धरून.

मला रडू कोसळलं. स्टुलावर चढले आणि पाटी ओढली. खिळा हलेना मेला!

आमच्यातली सायली आतून म्हणाली, "ताई, उद्या परत कुणाचा भाऊ घुसला तर?"

"तर मी आहे की लाटणं घेऊन. आधी पक्कड दे!"

पाटी निघाली. मी किल्ली प्रज्वलच्या खिशात घातली.

"आता काय म्हणून येऊ?" त्यानं विचारलं.

"आमचा प्रज्वल म्हणून ये, गाढवा. मला त्या दिवशी कुणी आमची वहिनी म्हणून बोलावलं असतं, तर धावत गेले असते रे मी."

त्यानं चपला काढल्या.