मधली सीट

व्हॅक्यूमची नळी खांद्यावर टाकून ज्योत्स्नानं गाडीचं मधलं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. वास थेट घशात गेला होता. सहा वर्षं ती लोकांच्या गाड्या आतून साफ करत होती. सांडून आंबलेलं दूध, डिकीत विसरलेली केळी, सीटखाली मेलेला उंदीर, वरातीहून परतलेल्या गाडीत जे काय असतं ते सगळं तिनं हातानं काढलं होतं. नाकाला सवय झाली आता, असं ती लोकांना सांगायची. नाकाला कधी सवय होत नाही. फक्त तोंड वाकडं न करायची होते.

ठेवणीतल्या साडीचा पदर नाकाला लावून ती पुन्हा वाकली. सर्वात मागच्या सीटवर, काचेला टेकून, एक म्हातारी बसली होती.

"पानी दे व माय जराखं," म्हातारी म्हणाली.

ज्योत्स्नाच्या हातातली नळी खाली पडली.

पाहुणे येऊन पाऊण तास झाला होता. धुळ्याहून, देवपूरमधून, मुलगी बघायला. तोतारामआबा, त्यांची बायको कुंदाबाई आणि मुलगा तेजस, जो नरडाण्याला कंपनीत होता. स्थळ वनाभाऊंनी आणलं होतं. वनाभाऊ ज्योत्स्नाचे मावसभाऊ. मुलगा निर्व्यसनी, घर स्वतःचं, शिरपूरकडे केळीची बाग. यापलीकडे तुला काय पाहिजे, असं ते महिनाभर फोनवर विचारत होते. यापलीकडे काही नको होतं तिला. लेकीचं, भूमिकाचं, एकदा मार्गी लागलं की झालं, इतकंच तिचं मागणं होतं. भूमिकाचे वडील गेले तेव्हा पोरगी अकरावीत होती. त्यांनी मागे ठेवलेल्या ओम्नीतच ज्योत्स्नानं पाण्याचं पिंप, प्रेशर पंप आणि व्हॅक्यूम बसवून घेतला आणि धंदा सुरू केला.

पोहे झाले, चहा झाला. आबांनी बशी खाली ठेवली.

"गॅरेज कुठे म्हणे ताई तुमचं?"

"गॅरेज नाही. ज्याच्या दारात गाडी उभी असेल तिथं जाते."

"म्हणजे रस्त्यावरच."

"रस्त्यावर, पार्किंगमध्ये, झाडाखाली. सावली असली म्हणजे झालं."

आबांनी वनाभाऊंकडे पाहिलं. वनाभाऊंनी बशीत उरलेला शेंगदाणा शोधला.

"राग मानू नका," आबा म्हणाले, "पोरगी आम्हाला पसंत आहे. पण लग्नानंतर हे गाड्या धुणं बंद करावं लागेल. आमच्याकडे चार लोक विचारतात, विहीण काय करते म्हणून. लोकांची घाण काढते, असं सांगायचं का? पोरगीही तुमच्यासोबत जाते म्हणे. तेही नको."

भूमिका स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तिनं आईकडे पाहिलं नाही. ज्योत्स्ना मात्र 'हो' म्हणणारच होती. शब्द जिभेवर आलाच होता. पोरीचं लग्न झालं की एकटीचं पोट कशानंही भरतं. ओम्नी विकून टाकली असती तिनं. तेवढ्यात आबा स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

"तरी जाता जाता बघू तुमचं काम. आमचीच चमकवून दाखवा ना. शेवटची गाडी."

सगळे हसले. वनाभाऊ जास्तच हसले. ज्योत्स्ना उठली.

"चावी द्या."

"अहो, गंमत केली."

"कामाची काय गंमत? द्या."

आबांनी चावी पुढे केली. कुंदाबाई चटकन म्हणाल्या, "राहू द्या हो ताई, कशाला," आणि तेजसनं मोबाईलमधून डोकं वर काढलं, पुन्हा खाली घातलं. त्या दोघांचं तेव्हा काय चाललं होतं ते ज्योत्स्नाला आत्ता, अंगणातल्या या कडुनिंबाखाली गाडीपाशी उभं राहून कळत होतं. आबांच्या मात्र काही ध्यानातच नव्हतं. आपली आई गाडीत बसलेली आहे हे तो माणूस विसरला होता.

म्हातारीनं तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. नाव पुष्पाबाई. माघ संपत आला होता, ऊन अजून चावरं झालेलं नव्हतं, काच चार बोटं खाली ठेवलेली होती. तेवढी दया त्यांनी केली होती.

"उतरल्या का नाहीत आजी?"

"माले गाडी लागस," पुष्पाबाई म्हणाल्या. "एरंडोलले व्हयनं बठ्ठं. लुगडं खराब व्हयनं. पोरगा म्हने, वास येस, लोकेसना घरमा कसं लई जाऊ. मी म्हनं जा, मी आठेच बरी शे."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. दूध उतू गेलं, असं सांगावं तसं सांगितलं.

ज्योत्स्नानं आत पाहिलं. शोरूममधून येताना सीटवर जे प्लास्टिक असतं ते पुढच्या सीटवरून काढलेलं होतं, मधल्या सीटवरूनही काढून वर मऊ मखमली कव्हर घातलेलं होतं. फक्त मागच्या सीटवर ते चार वर्षं तसंच ठेवलेलं. म्हातारी पुसता यावी म्हणून. प्लास्टिकच्या चिरेतून आत गेलेलं सगळं तिथंच सडून काळं पडलेलं होतं. पट्ट्याच्या कडीत मागच्या कुठल्यातरी प्रवासाचं वाळून घट्ट झालेलं होतं. हॅंडलला केळीच्या घडावर घालतात तसल्या निळ्या पिशव्यांची जुडी बांधलेली. एक भरलेली, गाठ मारून, पायाशी. आणि मधल्या सीटवर, अख्ख्या रुंद मोकळ्या सीटवर, आणलेल्या मिठाईची रिकामी पिशवी तेवढी बसली होती.

तिनं पुढचं दार उघडलं. आबांच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली होती, लाल थुंकीनं अर्धी भरलेली. झाकण सैल. म्हातारीच्या ओकारीहून उग्र दर्प. हा वास चालत होता त्यांना.

"मम्मी, काय झालं?"

भूमिका मागे येऊन उभी होती, ट्रे अजून हातातच. तिनं आत डोकावलं. ज्योत्स्नाला वाटलं, हिला आत पाठवावं, नव्या साडीचं वाटोळं होईल. पण भूमिकानं ट्रे गाडीच्या टपावर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि म्हातारीच्या काखेत हात घातला.

"चला आजी. मागच्या दारानं न्हाणीत जाऊ. पाणी तापवलेलंच आहे."

"नको व माय, तुले घान लागी."

"मला काय, रोजचंच आहे."

ज्योत्स्ना कामाला लागली. आधी निळी पिशवी आणि ती बाटली, दोन बोटांनी धरून, कचऱ्यात. मग प्लास्टिक. ते निघता निघत नव्हतं, खाली कापडाला चिकटलेलं; ओढल्यावर असा आवाज आला की तिनं डोळे मिटून घेतले. थंड पाणी, शॅम्पू, ब्रश. मागच्या सीटचं कव्हर काढून उलटं टाकलं, स्पंज घासून व्हॅक्यूमनं पाणी ओढून घेतलं, पुन्हा घासलं, पुन्हा ओढलं. तासाभरात मागची सीट हाताला जवळजवळ कोरडी लागू लागली. पट्ट्याची कडी तिनं जुन्या टूथब्रशनं कोरली.

तेजस अंगणात आला तेव्हा ती कडीच घासत होती.

"काकू, आजी...?"

"अंघोळ करताहेत."

त्यानं चपलेनं मातीत एक रेघ ओढली.

"मला वाटलं झोपली असेल ती."

"काच खाली कोणी केली होती?"

"मी."

"बरं केलं," ज्योत्स्ना म्हणाली. रेघ पायानं मोडून तो आत गेला.

मग ती मधल्या सीटकडे वळली. मधली सीट तशी स्वच्छच होती. मखमलीवर एक केस नव्हता. तिनं कव्हर काढलं, दोरीवर टाकलं, आणि सीटवर शॅम्पूचं पाणी ओतलं. घाईनं नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, सगळीकडे सारखं. थोडा वेळ घासल्यासारखं केलं. व्हॅक्यूम मात्र बंद करून नळी गुंडाळून ठेवली.

भूमिका म्हातारीला धरून आली. पुष्पाबाईंच्या अंगावर ज्योत्स्नाची फिकट हिरवी साडी होती आणि केसांना तेल लागलं होतं. भूमिकानं सीटवर तळवा दाबला. पाणी बोटांच्या वर आलं.

"मम्मी, मधली तर चांगली होती ना?"

"होती."

भूमिकानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि टपावरचा ट्रे खाली उतरवला.

पाहुणे निघायला बाहेर आले. ओट्यावर खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या आईला पाहून आबा एक पायरी चुकले.

"अरे. आई उतरली का."

आबा गाडीभोवती फिरले, काच बोटानं पाहिली, मान हलवली. "काम मात्र चोख आहे, मानलं." मग आत पाहून म्हणाले, "ही मधली ओली कशी?"

"खोल शॅम्पू केलाय. वाळायला तीन तास तरी. त्यावर बसू नका, कपडे जातील."

"मग?"

"पुढं तेजसशेजारी आजी बसतील. पुढं बसलं की गाडी लागत नाही, समोर रस्ता दिसतो." तिनं बोलता बोलता पुष्पाबाईंना पुढच्या सीटवर बसवलंसुद्धा, पट्टा लावला, पाय नीट घेतले. "तुम्ही दोघं मागं. मागची वाळलीय. प्लास्टिक काढून टाकलं, चिकटत होतं उगाच."

कुंदाबाई साडी सावरून मागे चढल्या. चढायला जागा अरुंद. आबांना आधी डोकं, मग एक गुडघा, मग बाकीचं असं आत जावं लागलं. वनाभाऊंनी मागून आधार दिला आणि दुसरीकडे पाहिलं.

"ताई, मग ते आपलं..." आबा आतून म्हणाले. गुडघे हनुवटीशी आल्यामुळे आवाज दबला होता. "काम बंद करायचं बोललो होतो ते."

"उद्या सकाळी दहाला एक गाडी ठरलीय," ज्योत्स्ना म्हणाली. "परवा दोन."

तिनं निळ्या पिशव्यांची जुडी सोडवली, त्यातल्या दोन काढून खिडकीतून त्यांच्या हातात दिल्या.

"असू द्या जवळ. मागं हिसके फार बसतात."

गाडी वळली. काचेतून पुष्पाबाईंचा हात दिसला, निरोपाचा असेल किंवा काच खाली करायची खटपट असेल. वनाभाऊ अंगणातच थांबले होते.

"पोरीचं नुकसान केलंस तू," ते म्हणाले. "असं स्थळ दारात येत नाही पुन्हा."

ते खोटं आहे असं ज्योत्स्नाला छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. तिनं हात धुतले. वास गेला नाही म्हणून पुन्हा धुतले, लिंबू चोळून. दोरीवर मखमली कव्हर राहून गेलं होतं आणि त्याच्या शेजारी म्हातारीचं लुगडं, धुतलेलं, ठिबकत. भूमिका आत पोह्याच्या बशा घासत होती, जरा जोरात.

तासाभरानं धंद्याचा फोन वाजला. ओम्नीच्या पाठीवर रंगवलेला नंबर. तो नेहमी भूमिकाच घ्यायची. ओल्या हातानंच तिनं स्पीकर लावला.

"बोला. गाडी कुठं उभी आहे?"

पलीकडे ट्रकचा आवाज गेला. "एरंडोलच्या पुढं, रस्त्याच्या कडेला," तेजस म्हणाला. "आबांना... दोनदा झालं. पिशवी पुरली नाही. आज रविवार, गॅरेज सगळी बंद आहेत. कुठं न्यावी?"

भूमिकानं आईकडे पाहिलं. ज्योत्स्ना पुन्हा लिंबाची फोड चोळत बसली होती.

"गॅरेज लागत नाही," भूमिका म्हणाली. "सावलीत घ्या. थंड पाणी घ्या, गरम नको, डाग बसतो. आधी हातानं काढा, मग फडकं."

"हातानं?"

"हो. तुमच्या."

पलीकडून बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला, आणि पाणी पडल्याचा.

"आजी उतरल्या का खाली?" भूमिकानं विचारलं.

"नाही ना. आबा म्हणतायत, मी पुढं बसतो आता. ती ऐकतच नाही."

मागून, अगदी जवळून, म्हातारीचा आवाज आला, ठणठणीत.

"त्याले सांग, मी नही उतरसू. माले आठे वारं लागस."