एकच काळी गोटी

ग्रेडी होल्टकॅम्पने गेल्या तीन वर्षांत आपल्या बाबांची बरीच बढती केली होती. पहिल्या वर्षी तो ‘आमची थोडी शेती आहे’ म्हणायचा, मग ‘जमिनीचा कारभार आहे’ म्हणू लागला, आणि फ्रॅटर्निटीचा, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या मंडळाचा, अध्यक्ष झाल्यावर तर बाबा ‘गुंतवणूक बघतात’ इथवर मजल गेली. बाबा अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात डुकरं पाळत होते, आणि चांगली पाळत होते. पण तीन ग्रीक अक्षरांची पाटी लावलेल्या मंडळाच्या त्या घरात वकिलांची, दातांच्या डॉक्टरांची आणि मोटारींच्या शोरूमवाल्यांची पोरं राहत होती. तिथे डुक्कर फक्त न्याहारीच्या ताटात चालायचं. ग्रेडीने झाकली मूठ झाकलीच ठेवली होती.

या सप्टेंबरात त्याचा सख्खा धाकटा भाऊ डर्क विद्यापीठात दाखल झाला आणि मूठ उघडली. नव्या मुलांना पारखण्यासाठी भरलेल्या पहिल्याच मेळाव्यात, हातात बर्गर घेऊन, चारचौघांत तो म्हणाला, “आमचा ग्रेडी म्हणजे काय चीज आहे, ठाऊक नाही तुम्हाला. जत्रेत डुकरांना हाका मारायच्या स्पर्धेत पहिला आला होता. एक हाक दिली की शेजाऱ्यांची डुकरंसुद्धा कुंपणाशी येऊन उभी.”

सगळे खो खो हसले. ग्रेडीही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून जिन्यात कोणीतरी हळूच डुकरांना बोलावतात तसं ‘सूऽई’ करायचं आणि ग्रेडीने वळून पाहिलं की सगळे भिंतीवरचे जुने फोटो बघत असायचे.

डर्कला यातलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त या घरात राहायचं होतं. ग्रेडी घर सोडून शिकायला आला, तेव्हापासून पहाटेची डुकरांच्या गोठ्याची सगळी कामं डर्कने एकट्याने ओढली होती, आणि कॉलेजात गेलो की भावासोबत एका छपराखाली राहू, या एका आशेवर ओढली होती. गावातल्या चर्चमध्येही त्याने तसं सांगून ठेवलं होतं.

नव्या मुलाला घ्यायचं की नाही, हे ठरवायची या घरची रीत दीडशे वर्षांची. अक्रोडाच्या लाकडाची एक पेटी, तिला वरून हात जाईल एवढं भोक. प्रत्येकाने एक गोटी टाकायची. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि एक जरी काळी निघाली तरी मुलगा बाद. संस्थापकांच्या पांढऱ्या गोट्या केव्हाच हरवल्या होत्या, म्हणून त्यांच्या जागी पेपरमिंटच्या गोळ्या वापरत. मागच्या वर्षी एकाने चर्चा लांबली म्हणून आपलं मत खाल्लं होतं. काळ्या गोट्या मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या. त्या कोणी हरवू दिल्या नव्हत्या.

रविवारी दुपारी पडदे ओढून सभा भरली. अर्ध्या चड्ड्यांवर जांभळे झगे चढवून सगळे बंधू गोल करून बसले. इथे एकमेकांना ‘बंधू’च म्हणायचं, असा नियम होता. भिंतीतल्या शेकोटीच्या वर ‘सत्य, सेवा, बंधुभाव’ असं कोरलेलं होतं आणि त्या कोनाड्यात बियरचे रिकामे डबे होते.

ग्रेडीचा हिशोब पक्का होता. एवढी टिंगल करणारी ही पोरं, दहाबारा काळ्या तरी पडणारच. त्यात आपली एक कोणाला कळणार? डर्क दुसरीकडे कुठेतरी राहील, जिन्यातलं ‘सूऽई’ थांबेल, आणि आपल्याला हळहळायलाही मोकळीक. पेटी फिरत फिरत रिवाजाप्रमाणे सगळ्यांत शेवटी अध्यक्षाकडे आली. त्याने झग्याच्या बाहीत हात आखडून घेतला आणि काळी गोटी आत सोडली. मग पेटी उघडली.

आत सगळ्या पांढऱ्या होत्या. आणि एकच काळी.

पुढच्या आठवड्यात खोल्यांचं वाटप होतं आणि ते अध्यक्षाच्या हातात होतं, हे ग्रेडी साफ विसरला होता. स्वतंत्र न्हाणीघराच्या खोलीसाठी ही पोरं डर्कलाच काय, एखाद्या डुकरालाही बंधू करून घ्यायला तयार होती.

“कोणी टाकली ही?” उपाध्यक्ष प्रेस्कॉट उभा राहिला. “अध्यक्षाचा सख्खा भाऊ आहे तो. काही लाजलज्जा?”

“मी तर पांढरी टाकली बाबा,” एकजण म्हणाला.

“मीही. मला डर्क फार आवडतो. साधा आहे.”

“साधा कसला, सोनं आहे सोनं.”

बघता बघता डर्कच्या गुणांची अशी काही आरती सुरू झाली, की त्याच्या आईनेही ऐकून शंका घेतली असती. ग्रेडीला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं होतं. शेवटी तोही उभा राहिला आणि बंधुभावावर बोलला. बोलता बोलता त्याला स्वतःचंच म्हणणं पटू लागलं, आणि ते नाटक नव्हतं.

एकच काळी निघाली तर जरा वेळ थांबून पुन्हा एकदा मत घ्यायचं, अशी मंडळाच्या घटनेत सोय होती. ग्रेडी खिडकीशी गेला आणि त्याने पडद्याची कड सारली. बाहेर ओसरीच्या पायरीवर डर्क बाबांचा टाय बांधून बसला होता. टाय त्याला आखूड होत होता. ग्रेडीला स्वतःची शिसारी आली. ज्याने आपल्या वाटची घाण उपसली, त्याची लाज वाटावी? त्याने ठरवलं, आता पांढरीच. मग जिन्यात सगळं घर ‘सूऽई’ करो.

मागे बंधूंची कुजबुज चालली होती. थोड्या वेळाने प्रेस्कॉट जवळ आला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला.

“तू काळजी करू नकोस. आमच्या लक्षात आलंय. आता तुझ्या मनासारखं होईल.”

“खरंच?” ग्रेडीचा जीव भांड्यात पडला. “तुमचे उपकार विसरणार नाही मी.”

“विसरू नकोसच. ती कोपऱ्यावरची खोली, बरं का.”

पेटी पुन्हा फिरली. ग्रेडीने पेपरमिंटची गोळी अगदी प्रेमाने आत सोडली आणि झाकण उघडलं. आत काळ्याच काळ्या होत्या. वर त्याची एकटी पांढरी.

“हे काय केलंत?”

“हळू बोल,” प्रेस्कॉट कानाशी येऊन म्हणाला. “अरे, पहिल्या खेपेला आम्ही एकमेकांना दाखवून पांढरी टाकली होती, उगाच तुझी नाराजी नको म्हणून. मग काळी कोणाची? उरलास तूच. आधी बोलायचंस ना, लेका. आम्ही काय परके आहोत? आणि शेवटी ती पांढरी टाकलीस, तीही शोभली हो. माणसाने दिसायला तरी भावाच्या बाजूने असावं.”

सभेचं मत फिरवता येत नव्हतं. तिसऱ्या फेरीची सोय घटनेत नव्हती, आणि एरवी या घरात कोणी वाचत नसलेली ती घटना आज प्रेस्कॉटने हातात धरली होती. ग्रेडीने झगा उतरवला आणि तो ओसरीवर गेला.

डर्क उठून उभा राहिला. भावाचं तोंड बघूनच त्याला कळलं.

“नाही ना?”

“नाही.”

“एकच काळी होती का?”

“नाही रे. जवळजवळ सगळ्याच.”

डर्कने मान हलवली. टायची गाठ सैल केली.

“एक विचारू? तू कुठली टाकलीस?”

“पांढरी,” ग्रेडी म्हणाला. हे खरं होतं. पेटीत अजून ती पडलेली होती, कोणीही जाऊन बघावं.

“एकट्याने?”

“हो.”

डर्कचा चेहरा उजळला. त्याने ग्रेडीला मिठीच मारली, हाडं मोडतील अशी. “मग मला आणखी काय हवं? मी गाढव आहे. मला वाटत होतं, तुला माझी लाज वाटते. तुझ्याबद्दल असं मनात आणलं, माफ कर मला.”

ग्रेडीने तोंड उघडलं. तेवढ्यात डर्कने फोन लावलाही होता.

“आई, नाही झालं माझं. नाही गं, रडत नाहीये. ऐक तर. अख्खं घर माझ्या विरोधात होतं आणि आपला ग्रेडी एकटा माझ्यासाठी उभा राहिला. एकटा, सगळ्यांच्या समोर. हो, अध्यक्ष असून. थांब, देतो त्याला.”

फोन ग्रेडीच्या हातात आला.

“बाळा,” आई म्हणाली, “बाबा इथेच आहेत. बोलायला येत नाहीत, डोळे पुसतायत. सकाळपासून म्हणत होते, ग्रेडीला आपण आवडेनासे झालो की काय. आता म्हणतायत, असा मुलगा नशिबाने मिळतो.”

डर्क समोर उभा राहून हसत होता. काहीतरी बोलणं भाग होतं.

“त्यात काय एवढं, आई,” ग्रेडी म्हणाला.