पाटल्यांच्या मोटारीचा विमा

ठाण्यात मोटार चालवणारी सून तेव्हा एकच होती आणि ती माझी होती. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगत असे. नौपाड्यातल्या बायका ऐकून कंटाळल्या होत्या, पण त्यांच्या सुनेने मोटार चालवली असती तर त्या किती गप्प बसल्या असत्या ते मला ठाऊक आहे.

उत्तरा डॉक्टर. तिचा दवाखाना डोंबिवलीत. आमचा सुधीर तिला म्हणे, आगगाडीने जा, सोपं पडेल. पण कळवा, मुंब्रा, शीळ या रस्त्यावरच्या गावांतली माणसं औषधावाचून बसून असत, म्हणून तिला त्याच रस्त्याने जायचं होतं. शेवटी मी माझ्या पाटल्या मोडल्या आणि एक जुनी मॉरिस दारात आली. साल चौपन्न. पाटल्या माझ्या आईच्या होत्या. मोडताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग विम्याचं निघालं. एक विमा सक्तीचा. गाडीखाली कोणी सापडलं तर त्याची भरपाई कंपनी करणार. दुसरा पुरा विमा, त्यात आपली गाडी मोडली तरी कंपनी भरून देणार. मला पुराच हवा होता. माझं सोनं आता चार चाकांवर फिरत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

कंपनीचे इन्स्पेक्टर गुरुदत्त रेगे मुंबईहून आले. चहा घेतला आणि कुरकुर सुरू केली. उधाणाला खाडीचं पाणी वर येतं, बैलगाड्यांना दिवे नसतात, मुंब्र्याला डोंगरावरून दगड येतात. "मलबार हिलवरच्या मोटारीच्या भावात या रस्त्यावरच्या मोटारीचा विमा कसा उतरवणार? त्यातून चालवणार बाई."

"मग तिच्या शेजारी बसून बघा," मी म्हटलं, आणि स्वतः मागे जाऊन बसले.

उत्तराने खाडीवरचा पूल असा पार केला की रेग्यांच्या मांडीवरची टोपीसुद्धा हलली नाही. बैलगाडी दिसली की ती आधीच वेग कमी करी. मुंब्र्यापर्यंत रेगे मान डोलवू लागले. मी मागे फुगून बसले होते.

मुंब्र्याच्या पुढे एक बाई हात पसरून थेट गाडीसमोर आली. उत्तराने गाडी वळवली आणि पुढचं चाक चरात गेलं. रेग्यांचं कपाळ काचेवर आपटलं. बाई हौसाबाई, शेजारच्या पाड्यातली. तिला कशाचंच काही नव्हतं. "थांब गो बाय, पोरीचा आंग लय तापलाय," म्हणत तिने उत्तराचा दंडच धरला. उत्तरा पोरीला बघायला गेली, तोवर गावच्या पोरांनी गाडी चरातून उचलून ठेवली.

ती परतल्यावर रेग्यांनी विचारलं, "हे नेहमी होतं?"

"रोज होतं," उत्तरा म्हणाली. हाताशी असती तर मी तिला चिमटा काढला असता.

रेगे कपाळ चोळत म्हणाले, "दुसऱ्या मोटारीला माणसं बाजूला होतात. तुमच्या मोटारीला आडवी येतात. त्यांना वाचवताना गाडी कधीतरी खड्ड्यात जाणार, आणि ती आम्ही भरून द्यायची? एक करा. रस्त्यात थांबणार नाही असं लिहून द्या. महिनाभर हॉर्न वाजवून पुढे गेलात की लोकांची सवय मोडेल. मग पुरा विमा मी देतो. नाहीतर फक्त सक्तीचा."

उत्तरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "आईंना विचारा. गाडीत त्यांचं सोनं आहे. त्या सांगतील तसं मी करीन."

रेगे वळून माझ्याकडे बघू लागले. मला तिचा रागच आला. सगळं माझ्या गळ्यात घालून ही मोकळी. मी म्हटलं, "आधी गाडी तर चालव."

शीळच्या अलीकडे एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा होता. एका हाताने पोट धरलेलं, दुसरा हात वर. उत्तराने वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"हॉर्न द्या," रेगे म्हणाले.

मला पाटल्या आठवल्या, आणि त्या म्हाताऱ्याचा हातही दिसत होता. तो हात दुसऱ्या कोणाच्या गाडीला वर झाला नसता. माझ्या सुनेच्या गाडीला झाला होता. माझा ऊर भरून आला.

"थांबव," मी म्हटलं. "आणि रेगे, माणसांचा विमा तेवढा करून द्या. गाडीचं आम्ही बघू."

उत्तराने गाडी कडेला घेतली. ती दार उघडेपर्यंत तिची औषधांची बॅग घेऊन मी खाली उतरलेसुद्धा होते.