शर्टावरचा भिल्ल

शुक्रवारची सुट्टी. आखाती देशातल्या महबूल्यात राजनच्या घरी पंगत बसली होती. पिठलं, भाकरी आणि उर्वीनं नंदुरबारहून आणलेल्या मिरच्यांचा झणझणीत ठेचा! राजन आणि चंद्रहास तेल कंपनीत इंजिनिअर. उर्वी दवाखान्यात नर्स. दर शुक्रवारी ती राजनच्या आईचं, वीणाकाकूंचं, बीपी बघायला यायची आणि इथंच जेवायची.

आज मात्र काकूंचं जेवणात लक्ष नव्हतं. नजर सारखी खुर्चीवरच्या शर्टांच्या गठ्ठ्याकडे जायची.

कंपनीत बेसबॉलचे सामने होते. आपल्या मराठी पोरांनी संघ काढला आणि नाव ठेवलं 'जंगली भिल्ल'! शर्टावर चित्र काय, तर काळाठिक्कर माणूस, डोक्यात पिसं, दात बाहेर, हातात बॅट.

"अमेरिकेत एका मोठ्या संघाला नाव बदलावं लागलं म्हणे," चंद्रहास बोटं चाटत म्हणाला. "तिथल्या आदिवासींना लागतं! पॉलिटिकल करेक्टनेसची साथच आलीय नुसती."

"ते काय असतं रे बाबा?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे काकू, कुणाला काय लागेल म्हणून तोंडाला कुलूप. गंमतसुद्धा करायची नाही."

"बरंय, इथं कुणी भिल्ल नाही," राजन हसला. "काय गं उर्वी, भारी आहे ना चित्र?"

अर्धी भाकरी ताटात टाकून उर्वी उठली. हात धुतला, पर्स उचलली. "काकू, यापुढं बीपी दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या."

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. उर्वी कोणत्या समाजाची, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी खोदून विचारलं होतं, आणि कळल्यावर तिनं दिलेलं पाणी तसंच ठेवलं होतं. पुढं त्या तापानं फणफणल्या, तेव्हा तीन दिवस उशाशी कोण बसलं? हीच पोर!

"राजन! मी चौथी शिकलेली बाई, तूच मला सांग. इकाम्याच्या, इथं राहायच्या परवान्याच्या, कागदासाठी गेलास, तेव्हा खिडकीवरचा माणूस 'या हिंदी, बर्रा!', म्हणजे 'ए हिंदी, चल बाहेर!', म्हणून खेकसला ना तुझ्यावर? दोन दिवस जेवला नाहीस! का रे? गंमतच केली होती त्यानं!"

"आई, ते वेगळं..."

"कसलं वेगळं डोंबलाचं! आपल्याला लागला तर अपमान, आणि दुसऱ्याला लागला तर साथ? तिच्या मिरच्या गोड लागतात, आणि तिची माणसं जंगली?"

बोलून गेल्या आणि काकूंनी जीभ चावली.

"हो, मी भिल्ल आहे, राजनदादा," दारातून उर्वी म्हणाली. "माझे बाबा शाळामास्तर आहेत. असे दात नाहीत त्यांचे."

राजनची मान खाली गेली. तो उठला, सगळे शर्ट पिशवीत कोंबले. "हे मैदानात जाणार नाहीत. चुकलो, उर्वी."

"माझंही चुकलंय पोरी," काकू म्हणाल्या. "तुझं पाणी मी बाजूला सारलं होतं. आज सगळ्यांसमोर सांगते."

उर्वी हसली नाही. "नाव बदलाल हो, मन बदललं का ते नंतर बघेन. बसा काकू, हात द्या. चढलं असेल बीपी."

चढलंच होतं!

माझ्या माणसांनो, परक्या मुलखात टोचून घेतलेला काटा आपण घरी येऊन दुसऱ्याच्या पायात घालतो. तोंडाला कुलूप नको, पण बोलण्याआधी पंगतीत कोण बसलंय ते बघा. आणि कुणी बसलेलं नसलं, तरी त्याच्यासमोर बोलाल तेच बोला!